नेट गेल्यावर काय वाजतं?

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यात गाणं ऐकायची सवय लागते ती उघड्या मैदानात, रात्रीची. दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. साकोली-लाखांदूरपासून पवनीपर्यंत होळी येईतो हा हंगाम चालतो. वडशाहून आलेली मंडळी पडदे, दिवे, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असा सरंजाम गाडीतून उतरवतात. पडदा रात्री उघडतो आणि पहाटेच्या सुमाराला पडतो. या रंगभूमीवरच्या कामासाठी डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. इथली लेकरं मात्र पद्मश्रीच्या कितीतरी आधीपासून या नाटकांच्या गाण्यांवर वाढली आहेत.

मैदानातल्या ऐकण्याचा एकच कायदा: शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे. घरी गरज नेमकी उलटी होते. मुलं अभ्यासाला बसलेली, शेजार झोपायच्या बेतात, आणि तरी हळू आवाजात तानपुरा वेगळा आणि गाणाऱ्याचा श्वास वेगळा ऐकू यावा, एवढंच मागणं असतं. हे भागवणारं सामान बऱ्याच घरांत अर्धंअधिक आधीपासूनच आहे. आलमारीवर जुना अँप्लिफायर असतो आणि कोपऱ्यात लाकडी खोक्याचे स्पीकर. कमी पडतो तो त्यांच्यात गाणं आणून सोडणारा आजचा स्रोत. डेकचा पट्टा सैल झाला, सीडी प्लेअरची लेन्स गेली आणि मोबाइल ब्लूटूथने जोडला तर ऐन समेवर कोणाचा तरी फोन येतो.

त्या रिकाम्या जागी बसणारं यंत्र म्हणजे नेटवर्क स्ट्रीमर. प्रस्तुत पुस्तिका त्याच्याविषयी आहे. हातात मावेल एवढा डबा, एका बाजूने घरच्या वायफायला किंवा लॅन केबलला जोडलेला, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या पिनांनी अँप्लिफायरला. त्याच्यात ना कॅसेट जाते ना तबकडी. गाणी आकड्यांच्या रूपात नेटवर्कवरून येतात आणि आतली डॅक नावाची चिप त्या आकड्यांतून विजेचा ध्वनिसंकेत घडवते. हातातला मोबाइल फक्त गाणं निवडतो. एकदा निवडलं की स्ट्रीमर स्वतः ते ओढून घेतो. त्या वेळी मोबाइलवर फोन आला, बॅटरी संपली किंवा मोबाइल घेऊन कोणी बाजारात गेलं, तरी गाणं सुरू राहतं.

दुकानात हा डबा दाखवताना एक आकडा हमखास सांगितला जातो: दहा कोटी गाणी. अ‍ॅपलने आपल्या सेवेत एवढी गाणी झाल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं आणि बाकीच्या सेवाही त्याच घरातल्या आकड्यांवर बोलतात. आकडा खरा आहे, पण भंडाऱ्यातल्या गिऱ्हाइकाने त्याच्या आधी एक प्रश्न विचारावा, तो मी या पुस्तिकेच्या शीर्षकातच घातला आहे. मे-जूनच्या वावटळीत झाड तारेवर पडतं, रस्त्याच्या कामात फायबर तुटतो, जोडणारा माणूस दोन दिवसांनी येतो. त्या दोन दिवसांत तुमच्या घरात काय वाजतं?

या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं असायची गरज नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. कारण वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटरला वीज मिळत असेल तर घरातलं नेटवर्क जिवंत असतं. बाहेरची तार तुटली तरी मोबाइल, स्ट्रीमर आणि हार्ड डिस्क एकमेकांशी बोलू शकतात. राउटरला आणि स्ट्रीमरला मिळून लागणारी वीज एखाद्या एलईडी बल्बाएवढी असते, त्यामुळे छोट्या यूपीएसवर दोघेही तग धरतात. म्हणजे डिस्कवर गाणी असतील आणि ती स्ट्रीमरपर्यंत पोचवणारा छोटा सर्व्हर घरातच असेल, तर नेट गेल्याचं ऐकणाऱ्याला कळतही नाही. आपल्याकडच्या धानशेतीला हा हिशेब नवा नाही. कालव्याला पाणी सुटलं तर उत्तम, पण ऐन वेळी धान वाचवते ती शेताच्या वरच्या अंगाची बोडी, म्हणजे छोटं तळं.

पुस्तिकेचा गाभा इतकाच आहे. स्ट्रीमर आधी घरच्या संग्रहासाठी घ्यावा, मग इंटरनेटसाठी. आणि जो भाग लवकर बदलणार आहे तो भाग स्वस्त आणि सुटा ठेवावा. पुढची सगळी प्रकरणं या दोन वाक्यांचाच विस्तार आहेत.

गाणं कोणाच्या ताब्यात?

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत घरातलं गाणं अनेकदा हात बदलून गेलं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. पुढची काही दशकं ज्याच्याकडे ग्रामोफोन त्याच्याकडे गाणं, अशी स्थिती होती. मग रेडिओ आला. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ चं, विविध भारती १९५७ ची. सिलोनवरची बिनाका गीतमाला १९५२ पासून बुधवारची रात्र अडवून बसली. १९५५ च्या १ एप्रिलपासून पुणे केंद्राने माडगूळकर आणि फडक्यांचं गीतरामायण प्रसारित केलं. त्याची छप्पन्न गाणी वर्षभर पुरली. रेडिओचा सेट आपला, पण वेळ केंद्राची. त्या वेळेला जागेवर नसाल तर गाणं गेलं.

कॅसेटने वेळ आपल्या हाती दिली. १९८० नंतर ती इतकी स्वस्त झाली की तालुक्याच्या गावी कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी नेऊन द्यायची आणि दोन दिवसांनी कॅसेट घेऊन यायची. विदर्भात या कॅसेटांनी मोठं काम केलं. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं, भीमगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांतली पदं, खडीगंमतीतले शाहीर, हे सगळं छोट्या छोट्या कंपन्यांनी आणि हौशी मंडळांनी चुंबकीय फितीवर धरून ठेवलं. भंडाऱ्यातून १९५४ ची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली होती. या जिल्ह्यात भीमगीतांची कॅसेट हा घरातल्या ग्रंथांच्या शेजारी ठेवायचा ऐवज असतो, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मग मोबाइलच्या दुकानांवर 'चिपमध्ये गाणी भरून मिळतील' अशा पाट्या आल्या. पन्नास रुपयांत पाचशे गाणी मिळू लागली. ती जागा वाचवण्यासाठी इतकी दाबलेली असत की झांज वाजली की कागद चुरगाळल्यासारखा आवाज यावा. तरी ती चिप आपली होती, नेट नसताना वाजत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दोन-तीन वर्षांत त्या पाट्या उतरल्या. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय आणि त्याच्या पाठोपाठ मार्चमध्ये यूट्यूब म्युझिक भारतात आलं. गाणी अगणित झाली, दर्जाही सुधारला, पण या फेरीत ताबा मात्र हातातून गेला. एअरटेलची विंक ही सेवा २०१४ पासून चालू होती. २०२४ मध्ये कंपनीने ती गुंडाळली आणि लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांना घर उरलं नाही.

याच काळात, २०१७ मध्ये, सारेगामाने कारवाँ नावाचा रेडिओच्या घाटाचा डबा काढला. आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, नेटची गरज नाही, फिरवायला गोल बटण. थोरल्या मंडळींनी तो उचलून धरला. त्यांना तंत्र कळत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, त्यांना नेमकं कळलं होतं की बटण दाबल्यावर गाणं लागलं पाहिजे, मध्ये कोणाची परवानगी नको. स्ट्रीमर आणि घरची डिस्क यांची जोडी हाच विश्वास देते. फरक एवढा की पाच हजार गाणी कोणती, ते इथे आपण ठरवतो.

डबा बदलेल, स्पीकर राहतील

चांगला अँप्लिफायर तीस वर्षं चालतो. मध्येच एखादा कपॅसिटर बदलावा लागतो, आवाजाच्या बटणात खरखर आली तर स्वच्छ करावं लागतं, एवढंच. स्पीकर त्याहून टिकतात. स्ट्रीमरचं तसं नाही. त्याच्या आत एक संगणक आहे आणि संगणकाचं आयुष्य त्याच्यावर चालणाऱ्या प्रणालीइतकंच असतं.

या क्षेत्राचा इतिहास छोटा असला तरी बोलका आहे. अमेरिकेतल्या स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१ मध्ये स्लिंप्थ्री नावाचा नेटवर्क प्लेअर काढला आणि २००३ मध्ये स्क्वीझबॉक्स. लॉजिटेकने २००६ मध्ये ती कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सचं उत्पादन थांबवलं. स्कॉटलंडच्या लिन या नामवंत कंपनीने २००७ मध्ये महागडा स्ट्रीमर आणला आणि दोनच वर्षांत सीडी प्लेअर बनवणं सोडत असल्याचं जाहीर केलं. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला. छोटा, स्वस्त आणि गुणी असा तो डबा जानेवारी २०१९ मध्ये बंद झाला. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे तो वाजत राहिला, पण मार्च २०२५ मध्ये आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातले असे डबे एका दिवसात मुके झाले. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली खरी, पण आपल्या खोलीतलं चालू यंत्र दूरच्या कोणाच्या तरी विस्मरणाने बंद पडू शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. सोनॉसने मे २०२४ मध्ये नवं अ‍ॅप आणलं, त्यात अलार्मसारख्या जुन्या सोयी गायब होत्या. गिऱ्हाइकांचा रोष इतका वाढला की २०२५ च्या जानेवारीत कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं.

यात स्क्वीझबॉक्सची कथा वेगळं वळण घेते. त्याला गाणी पुरवणारी सर्व्हर-प्रणाली मुक्त स्रोताची होती. कंपनी निघून गेल्यावर हौशी लोकांनी ती सांभाळली, सुधारली आणि आज ती लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालू आहे. वीस वर्षांपूर्वीचे डबे तिच्यावर अजून वाजतात. २०१२ पासून मिळणाऱ्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर पीकोअरप्लेअर, व्हॉल्युमिओ किंवा मूड यांसारखी प्रणाली घातली तर त्याचाही स्ट्रीमर होतो. नागपुरात इंजिनिअरिंग शिकणारं पोरगं घरात असेल तर एका रविवारचं काम आहे. नसेल तर तयार डबा घ्यावा. पण घेताना तो घरच्या सर्व्हरवरून, कंपनीच्या खात्यात शिरल्याशिवाय वाजतो का, हे पाहून घ्यावं. यूपीएनपी, डीएलएनए किंवा लिरियन यांपैकी काही चालत असेल तर कंपनी उठून गेली तरी डब्याचा कागद दाबून ठेवण्यापलीकडे उपयोग उरतो.

म्हणून माझा कल सुट्या मांडणीकडे आहे. अँप्लिफायर, स्पीकर आणि स्ट्रीमर एकाच पेटीत असलेली व्यवस्था दिसायला सुटसुटीत, पण तिच्यातला सगळ्यात नाशवंत भाग सगळ्यात टिकाऊ भागाला सोबत घेऊन जातो.

आवाजाचे आकडे आणि कूलर

स्ट्रीमरच्या जाहिरातीत आकड्यांचा पाऊस असतो. त्यातले दोन समजले तर पुरे. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा. गुणाकार १,४११ किलोबिट प्रतिसेकंद येतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो आणि ते टिपायला त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने लागतात. सीडीचा आकडा तिथून आला. २४ बिट आणि १,९२,००० नमुन्यांचं 'हाय-रेझ' संगीत ९,२१६ किलोबिटांवर जातं. तितके बिट ध्वनिमुद्रण करताना आणि संपादन करताना खरोखर उपयोगी आहेत. ऐकताना फरक पडतो का, यावर जाणकार अजून भांडतात.

भंडाऱ्यापुरता तो वाद ऋतूच मिटवून टाकतो. एप्रिल ते जून इथे पारा पंचेचाळिशीला भिडतो आणि खिडकीतला कूलर दिवसरात्र घरघरत असतो. त्या घरघरीत सोळाव्या बिटाखालचं काही ऐकू येतं असं म्हणणाऱ्याने आधी कूलरचा पंप बंद करून दाखवावा. पावसाळ्यात टिनाच्या छपरावर सर कोसळते. मन लावून ऐकायचे इथले महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्या महिन्यांतही सीडीचा दर्जा भरपूर आहे. पैसे उरत असतील तर स्पीकरवर घालावेत.

ब्लूटूथशी तुलना मात्र खरी आहे. ब्लूटूथची सर्वसाधारण पद्धत संगीत दाबून सव्वातीनशे किलोबिटांच्या आसपास आणते. ज्या सेवेकडून गाणं आधीच दाबून आलेलं असतं तिथे ते दुसऱ्यांदा दाबलं जातं. स्ट्रीमर ते जसं आहे तसं उचलतो. घरच्या संग्रहासाठी फ्लॅक ही पद्धत वापरावी. तिच्यात एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्मी होते. एक टेराबाइटच्या डिस्कवर सीडीच्या दर्जाचं सुमारे तीन हजार तास संगीत मावतं. रोज दोन तास ऐकलं तरी पहिलं गाणं पुन्हा यायला चार वर्षं लागतील.

शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक वेगळे केलेले असतात, पण मैफलीत त्यांच्यामध्ये थांबा नसतो. विलंबिताची शेवटची तान समेवर आली की तबला लगेच लय उचलतो. काही स्ट्रीमर दोन ट्रॅकांमध्ये अर्धा-एक सेकंद शांत राहतात. सिनेगीतात ते जाणवतही नाही. ख्यालात मात्र ऐन वेळी कोणी पायाखालची चटई ओढल्यासारखं होतं. दोन ट्रॅक सलग वाजवून दाखवा, असं दुकानात सांगायला लाजू नये.

इथलं हवामान, इथली घरं

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी लिहिलेले सल्ले आपल्याकडे थेट लागू पडत नाहीत. कवेलूच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. राउटर सपरीत आणि स्ट्रीमर माजघरात असेल तर ५ गिगाहर्ट्झचा वायफाय मध्येच दम तोडतो. २.४ चा पट्टा अधिक लांब पोचतो, आणि लॅन केबल टाकता आली तर सगळ्यात बरं. पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या भागात विजा फार पडतात. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढू नये. गडगडाट सुरू झाला की अँप्लिफायर, राउटर आणि स्ट्रीमर यांचे प्लग काढून ठेवावेत. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटातूनच जेवतो, हे विसरू नये.

अँप्लिफायरच्या जाळीतून पाल आत जाते आणि दोन टोकांवर एकदम पाय ठेवते. तिचं जे व्हायचं ते होतं, आउटपुट ट्रान्झिस्टरही जातो. हवा खेळेल अशी बारीक जाळी मागून लावावी. स्पीकरच्या कडेचा फोम उन्हाळ्यात कडक होतो, पावसात भुसभुशीत होतो आणि काही वर्षांत हाताला पिठासारखा लागतो. रबरी कडेचे स्पीकर इथे जास्त टिकतात. घरात घूं असा आवाज भरून राहिला तर आधी अर्थिंग आणि केबल टीव्हीची तार तपासावी. स्ट्रीमर आणि वेगळा डॅक ऑप्टिकल तारेने जोडले तर त्या दोघांमधून विजेचा संबंधच तुटतो आणि पुष्कळदा घूं थांबते.

जोडणीत दोन चुका नेहमी होतात. स्ट्रीमर 'फोनो' लिहिलेल्या भोकात घालू नये. ते तबकडीच्या सुईसाठी असतं, तिथे आवाज फाटतो. 'ऑक्स', 'ट्यूनर' किंवा 'टेप' यांपैकी कोणतंही चालतं. दुसरी गोष्ट अशी की आजचे स्ट्रीमर दोन व्होल्टचा संकेत देतात आणि जुन्या अँप्लिफायरना त्याच्या दहाव्या हिश्शाची सवय असते. बटण जरा फिरवलं की घर दणाणतं. अशा वेळी स्ट्रीमरच्या अ‍ॅपमध्ये आवाज थोडा उतरवून ठेवावा. पाच पिनांच्या गोल सॉकेटचा जुना फिलिप्स असेल तर निराश होऊ नका, त्याचे जोड अजून मिळतात.

संग्रहाची वही

पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण यंत्राविषयी नाही. ते संग्रहाविषयी आहे. दहा कोटी गाण्यांच्या कोठारात झाडीपट्टीच्या नाटकाची पंचवीस वर्षांपूर्वीची पदं शोधा, गावच्या खडीगंमतीतला डफ-तुणतुण्याचा सवाल-जवाब शोधा. काही तुकडे यूट्यूबवर सापडतील, बाकीचं खोक्यांत आहे. त्या खोक्यांतल्या फितीवर बुरशी चढते आहे. म्हणून कॅसेट उतरवून घेण्याची रीत पायरीपायरीने दिली आहे: डेकचं हेड स्पिरिटने कसं पुसावं, हेडचा स्क्रू फिरवून दबलेला आवाज कसा उघडावा, ऑडॅसिटी या फुकट प्रणालीत मुद्रण कसं करावं, आणि फाइलची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे का ठेवावी.

मराठी गाण्याला नीट नाव देणं हेही मोठंच काम. परदेशी सेवांचा साचा गायक, अल्बम आणि गाणं असा तीन खणांचा आहे. आपल्याकडे भावगीताचा कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा, आणि ऐकणारा तिघांनाही मानतो. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात अखेरचा श्वास घेतलेल्या सुरेश भटांची गाणी गायक कोणीही असो, एकत्र ऐकावीत असं वैदर्भीय माणसाला वाटणारच. सेवेच्या शोधपट्टीत कवीचं नाव टाकलं तर हाती काय लागेल याचा भरवसा नाही. फ्लॅक फाइलमध्ये मात्र आपल्याला हवे ते खण करता येतात: कवी, राग, ताल, नाटक, साथ, गाव. फक्त आपला सर्व्हर त्या खणांत शोधू देतो ना, हे आधी पाहावं. आणि एक नाव एकाच तऱ्हेने लिहावं. आमोणकर एकदा काना देऊन आणि एकदा न देता लिहिलं तर यंत्राच्या लेखी त्या दोन गायिका होतात.

कायद्याचं थोडं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो. शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. स्वतःच्या कॅसेटची स्वतःपुरती प्रत करणं वेगळं आणि ती समूहावर पाठवणं वेगळं. नाटक मंडळींच्या मुद्रणाबाबत तर माझं सरळ म्हणणं आहे की कलावंत हयात आहेत, त्यांना विचारावं. बहुतेक वेळा होकारासोबत त्या गाण्याची दोन नावं आणि एक हकिकतही मिळते, ती वहीत लिहून ठेवावी.

इंटरनेट सेवांवर माझा राग नाही, हेही इथे नोंदवतो. एका छोट्या प्रकरणात त्यांची ओळख आहे. आपल्या गावात कधीच न आलेला गायक ऐकायला, नव्या पिढीची मराठी गाणी कळायला त्यांच्यासारखी सोय नाही. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर या अ‍ॅपवर देशभरातली केंद्रं ऐकू येतात. एलईडी दिव्यांच्या खरखरीने मध्यम लहरींचा जीव घेतल्यापासून रेडिओ स्वच्छ ऐकायचा हा चांगला मार्ग झाला आहे. सेवा येतील, जातील, त्यांचे दर बदलतील. त्यांच्यावर घर उभं करू नये, एवढंच.

कोणासाठी, आणि वाचायचं कसं

ज्याच्याकडे जुना अँप्लिफायर आणि स्पीकर आहेत आणि ज्याला पाच-दहा हजारांत त्यांना पुन्हा कामाला लावायचं आहे, तो वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही पुस्तिका लिहिली. लाखांच्या स्ट्रीमरविषयी तिच्यात काही नाही, सोन्याच्या मुलाम्याच्या केबलींविषयीही नाही. शाळा, वाचनालयं आणि बौद्ध विहारं यांना मात्र शेवटचं प्रकरण जरूर वाचायची विनंती आहे. एका गावाचा संग्रह एका डिस्कवर ठेवून सार्वजनिक खोलीत ऐकवणं किती कमी खर्चाचं आहे, ते तिथे मांडलं आहे.

खर्चाचा क्रम मनात असा असू द्या: आधी डिस्क आणि तिची दुसरी प्रत, मग स्पीकरची दुरुस्ती, मग राउटरचा यूपीएस, सगळ्यात शेवटी स्ट्रीमर. आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी माळ्यावरचा कॅसेटचा खोका खाली उतरवा. प्रत्येक कॅसेटवर काय लिहिलं आहे ते वहीत उतरवा. जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही ती घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला दाखवून विचारा. यंत्र पुढच्या महिन्यातही दुकानात मिळेल. ती यादी सांगू शकणारं माणूस आज घरात आहे, तोवर ती करून घ्या.